उपमान कुठून आणावे?
(द्वितीय वर्ष, कला)

अकरावीसाठी मी वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीतून भोरला आले, तेव्हा पहिले दोन महिने मला अन्न गोड लागत नव्हते. सुट्टीत घरी गेले तर माझी उतरलेली तब्येत पाहून आई रडू लागली. आजी मात्र शांतपणे म्हणाली, “उपटल्यालं रोप हाय. चार दिस मान टाकील, मंग उभं ऱ्हाईल.”

पुढे एका चाचणीत उपमेचे स्वतःचे उदाहरण मागितले होते. मी लिहिले, ‘पोरगी उपटलेल्या रोपासारखी मान टाकून बसली.’ पेपर परत आला तेव्हा वाक्याखाली लाल रेघ होती आणि बाजूला शब्द होता, ‘ग्राम्य’. शेजारच्या मुलीच्या मुखकमलाला पूर्ण गुण होते.

तो शब्द मनात राहिला. यंदा साहित्यशास्त्र अभ्यासताना तो पुन्हा भेटला. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त सातव्या उल्लासात दोषांची चर्चा आहे आणि ग्राम्य हा त्यांतला एक दोष आहे. अर्थात गुरुजींनी तो शब्द पदरचा काढला नव्हता. पण मम्मट पुढे असेही सांगतो, की बोलणारे पात्रच अधम असेल तर हा दोष दोष राहत नाही. ही सुटका काही आजीला सांगण्याजोगी नाही!

मला दुसरीकडून विचार करावासा वाटतो. उपमेची चार अंगे आपण पाठ करतो : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द. यांपैकी उपमान हे ऐकणाऱ्याच्या ओळखीचे हवे, नाहीतर तुलना करून उपयोग काय? आमच्या वाडीत कमळ कुणी पाहिलेले नाही. भाताचे रोप मात्र प्रत्येकाच्या हातातून गेलेले असते. वाफ्यातून उपटून खाचरात लावले की ते पिवळे पडते, वाकते आणि मूळ धरले की ताठ होते. म्हणजे आजीच्या उपमानात दुःखाबरोबर त्याचा शेवटही होता. कमळाने आईचे रडे थांबले नसते.

आता हेच वाक्य फिरवून पाहू. ‘पोरगी रोपावानी वाकली’ ही उपमा. ‘पोरगी जणू रोपच’ ही उत्प्रेक्षा. ‘पोरगी म्हणजे उपटलेले रोप’ हे रूपक. ‘पोरगी न्हाई ही, रोप हाय’ म्हटले तर उपमेय नाकारले गेले, म्हणून अपन्हुती. आजीच्या मूळ वाक्यात मात्र पोरगी कुठेच नाही. रोपाने तिला गिळून टाकले आहे. शाळेत आपण अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणे एवढेच शिकतो. पण उपमानाने उपमेय असे गिळणे हा मम्मटाच्या मते अतिशयोक्तीचाच एक प्रकार आहे. चाचणीत मी ‘सारखी’ घालून आजीचे वाक्य एक पायरी खाली आणले होते. गुण कापायचेच होते, तर त्यासाठी कापायला हवे होते.

आपल्या डोंगरांवरही असे अलंकार गोठून राहिले आहेत. तोरण्याच्या एका माचीवरचा सुळका उपड्या बुधल्यासारखा दिसतो, म्हणून ती बुधला माची. राजगडाच्या सुवेळा माचीवर खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढे म्हणतात. नेढे म्हणजे सुईचे भोक. ही नावे ठेवणाऱ्यांनी उपमान घरातूनच उचलले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. तो संग्रह चाळताना मला रोप, जाते, पाऊस ही आमच्या घरातली उपमाने पानोपानी भेटतात.

घरची अशी वाक्ये मी वहीत उतरवू लागले आहे. त्यांतले एक कुठे बसवावे ते कळत नाही. पहाटे धाकटा भाऊ रडू लागला की आजी म्हणते, “भूक उठली बघ.” भुकेला माणसासारखे उठवले, म्हणून ही चेतनगुणोक्ती म्हणावी, की भुकेल्या पोरालाच भूक म्हटले, म्हणून लक्षणा? मला लक्षणा वाटते. मैत्रिणी ऐकत नाहीत. सरांनी निवाडा करावा.