ब्लेड खाली ठेव

चि. बाळ यास,


काल वहिनीचा फोन आला आणि तुझ्या या आत्याची झोप उडाली. तांबडी कोंबडी लंगडते, तळव्याला गाठ आली आहे आणि तू ती दाढीच्या ब्लेडने फोडणार आहेस म्हणे. अरे, ब्लेड?

गल्लीत बर्ड फ्लूची कुजबुज आहे, तेही कळलं. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूरजवळ वेहळोलीला तो निघाला, हजारो कोंबड्या माराव्या लागल्या, लोक घाबरणारच. पण त्या रोगात कोंबड्या पटापट मरतात, तुरा निळा पडतो, पायाच्या नळ्यांवर रक्ताळलेले डाग दिसतात. तसं दिसलं तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळव. दाणे टिपणारी, एका पायाने लंगडणारी एकटी तांबडी त्यातली वाटत नाही.

आधी तिची बोटं नीट बघितलीस का? भिवंडीत घराघरापाशी माग. सुताचा गुंता वाऱ्याने खुराड्यापर्यंत येतो. कोंबडी उकरते, धागा बोटाला गुंडाळला जातो आणि चालेल तसा आवळत जातो. रक्त अडतं, बोट सुजतं, काळं पडून गळतं. पॅरिसमधल्या कबुतरांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. जिथे केस कापायची दुकानं जास्त, तिथे तुटक्या बोटांची कबुतरंही जास्त. तिथे केस, तुमच्याकडे सूत.

आत्या बारा वर्षांची असताना तिची काळी तलंग अशीच लंगडत होती. काटा रुतला असेल म्हणून आत्या आठ दिवस खेळत राहिली. पाय उचलून पाहिला तेव्हा दोरा मांसात रुतला होता. दोन बोटं गेली. ती तलंग पुढे कधी दांडीवर चढली नाही.

दोरा नसेल, पण तळव्यावर मधोमध काळी खपली आणि खाली टणक गाठ असेल, तर ते जंतूंचं काम. उंचावरून कडक जमिनीवर उडी, बसायची खरबरीत दांडी, चिखल. एवढ्याने कातडी फाटते आणि जंतू शिरतात. ब्लेड लावलंस तर रक्त थांबवणं अवघड होईल, पू हाडापर्यंत जाऊ शकतो. डॉक्टरच हवेत. औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही त्यांनाच विचार. नळीचे खवले उचललेले, खरबरीत दिसले तर ते किडे. तिथे खोबरेल नाहीतर व्हॅसलीन, काही आठवडे नेमाने. रॉकेल मात्र नको, कातडी भाजते.

रागावले म्हणून रुसू नकोस. तिला जपायलाच निघाला होतास, आत्याला ठाऊक आहे. आज दिवेलागणीला, ती सुस्तावली की, टॉवेलात गुंडाळून मांडीवर घे. पाय कोमट पाण्यात भिजव. दोरा वरवरच असेल तर बारीक कात्रीने काढ, रुतला असेल तर सोडून दे. मग साबणाने हात धू आणि जेव. दोन दिवस तू नीट जेवला नाहीस, असं वहिनी म्हणत होती.

रविवारी सकाळच्या एसटीने आत्या येते आहे. दवाखान्यात दोघं मिळून जाऊ, तांबडीची टोपली आत्या धरेल.

तुझी,
आत्या