आधी मीटर, मग स्विच!

सुरुवातीलाच कबूल करते, मी बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाच्या पदरात टाकून मी मोकळी होते. विषय मात्र माझ्या अगदी जवळचा आहे. आपल्या वयाच्या दुप्पट वय असलेले होम कॉम्प्युटर बंद पडले तर ते कसे तपासायचे, हे मी आधी चुकून आणि मग शिकून समजून घेतलं. तेच इथे लिहिते आहे.

आधी चुकीबद्दल.

नववीत असताना शाळेच्या स्टोअररूममध्ये, गॅदरिंगच्या पडद्यांखाली मला एक 'बीबीसी मायक्रो' सापडला. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने 'क्लास' नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला होता. सुरुवातीला सुमारे २५० शाळांना हे ब्रिटिश बनावटीचे संगणक मिळाले. मला सापडलेला त्याच पिढीतला असावा. सिस्टरची परवानगी काढली, प्लग लावला, बटण दाबलं. दोन सुरांची बीप आली आणि पडद्यावर अक्षरं उमटली! मी अक्षरशः नाचले. दहा मिनिटांनी आतून 'फट्' असा आवाज आला आणि दाट, घाणेरड्या वासाचा धूर निघाला. सिस्टरने प्लग खेचला. पुढच्या आठवड्यात भंगारवाला आला आणि मशीन किलोच्या भावाने गेलं. मी गप्प बसले.

सेकंड इयरला आल्यावर लॅबमधल्या सरांना हा किस्सा सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "अगं, तो पॉवर सप्लायमधला फिल्टर कपॅसिटर. कागदाचा असतो. वर्षानुवर्षं पडून राहिला की त्याच्या आवरणाला चिरा जातात, आत दमट हवा शिरते आणि वीज दिली की फुटतो. मशीनला सहसा काही होत नाही. काही रुपयांचं काम होतं."

म्हणजे ते मशीन मेलंच नव्हतं! प्लग लावण्याआधी मी एकदाही आत बघितलं नाही, आणि धूर आल्यावर कोणाला काही विचारलं नाही. ती रुखरुख अजून आहे. म्हणून मागच्या दिवाळीत मामाने माळ्यावरून त्याचा 'स्पेक्ट्रम प्लस' काढून माझ्यासमोर ठेवला, तेव्हा मी स्विचला हातच लावला नाही.

मशीनची ओळख

झेडएक्स स्पेक्ट्रम इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला. झेड८० प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झ, १६ केबी रॉम आणि ४८ केबी रॅम. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही! डिस्क नाही, प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवर. स्पेक्ट्रम प्लस ही १९८४ ची सुधारित आवृत्ती. आतला सर्किट बोर्ड तोच, कीबोर्ड जरा बरा आणि बाजूला रिसेटचं बटण. आपल्याकडेही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन तो 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकला होता.

मामा डिप्लोमाला असताना, १९८९ साली, त्याने माझ्या आईसाठी त्यावर पाढ्यांचा प्रोग्रॅम लिहिला होता. आई तेव्हा दहा वर्षांची आणि गणितात कच्ची. त्या प्रोग्रॅमची एकच कॅसेट उरली होती, दुसरी कॉपी कुठेच नव्हती. मामाने वर सांगून ठेवलं, "जमलं तर बघ, नाही तर राहू दे." यातलं 'राहू दे' त्याच्या तोंडावर अजिबात दिसत नव्हतं!

पाठ १ : जे परत मिळणार नाही ते आधी वाचवा

झेड८० मिळतो, रॅमचे आयसी मिळतात. मामाने १९८९ साली भरलेली टेप बाजारात मिळत नाही. म्हणून पहिलं काम टेपचं, मशीनचं नंतर.

कॅसेट कोणत्याही टेपरेकॉर्डरमध्ये लगेच घालू नका. जुन्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल किंवा चिकट झालेला असतो आणि तो टेप गिळू शकतो. आधी हेड आणि रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि एखादी नकोशी कॅसेट पूर्ण वाजवून बघा. ती नीट चालली तरच खरी कॅसेट लावा. इअरफोनच्या सॉकेटमधून लॅपटॉपच्या ऑडिओ इनपुटला वायर जोडा आणि ४४,१०० सॅम्पलिंगने डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून रेकॉर्ड करा. एमपी३ नको आणि 'नॉइज रिडक्शन' तर मुळीच नको. आपल्याला जो खरखराट वाटतो, तोच तर डेटा आहे!

मग ती फाइल लॅपटॉपवरच्या इम्युलेटरमध्ये लोड करा. हा विभागणीचा उत्तम उपाय आहे. रेकॉर्डिंग इम्युलेटरमध्ये चालतं पण खऱ्या मशीनवर चालत नाही, तर दोष मशीनमध्ये किंवा जोडणीत. इम्युलेटरमध्येही चालत नाही, तर दोष टेपमध्ये किंवा ती वाजवण्याच्या पद्धतीत.

माझं रेकॉर्डिंग चाललं नाही. पडद्यावर 'आर टेप लोडिंग एरर'. कॅसेटवरच्या प्रत्येक भागाच्या शेवटी पडताळणीची एक बाइट असते, त्यामुळे मधला एक बिट चुकला तरी मशीन तो भाग नाकारतं. इथे बॉर्डरचे पट्टे वाचायला शिका. सुरुवातीच्या सलग सुराला लाल आणि आकाशी, डेटा येताना निळे आणि पिवळे. माझ्याकडे लाल-आकाशी छान स्थिर दिसायचे, निळे-पिवळे सुरू झाले की थोड्या वेळात गाडी घसरायची. म्हणजे आवाज पोचत होता, पण त्यातले बारीक, उंच सूर बोथट झाले होते.

कारण होतं हेडचा कोन. मामाच्या जुन्या टेपरेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं असणार, म्हणून टेपवर सगळं तसंच तिरकं भरलं गेलं. माझ्या टेपरेकॉर्डरचं हेड सरळ होतं, तरी या टेपसाठी चुकीचंच! हेडशेजारी स्प्रिंगचा एक छोटा स्क्रू असतो. टेप वाजत असताना तो अगदी हळू, पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवायचा आणि आवाज सर्वांत तीक्ष्ण ऐकू येईल तिथे थांबायचं. तिसऱ्या प्रयत्नात फाइल लोड झाली. तिच्या तीन कॉपी केल्या, एक मामाच्या ईमेलवर. आता मशीन जळलं असतं तरी पाढे वाचले होते.

पाठ २ : अडॅप्टरवर विश्वास ठेवू नका

मामाचा मूळ अडॅप्टर हरवला होता. हॉस्टेलवर राउटरचे ९ व्होल्टचे अडॅप्टर ढिगाने मिळतात, पिनही कधी कधी बसते. पण थांबा! स्पेक्ट्रमला पिनच्या मधल्या भागात निगेटिव्ह लागतं. राउटरच्या अडॅप्टरमध्ये बहुतेक वेळा मध्ये पॉझिटिव्ह असतं. उलटी वीज गेली तर मशीनची खैर नाही. गिटारच्या पेडलचा अडॅप्टर मध्ये निगेटिव्ह असतो, पण तो बहुधा फारच कमी करंट देतो. मूळ अडॅप्टर १.४ अँपिअरचा होता.

मूळ अडॅप्टर असेल तर आणखी एक गंमत. नुसताच मीटरला लावला तर ९ ऐवजी १२-१३ व्होल्ट दाखवतो. तो बिघडलेला नसतो. आत रेग्युलेटर नाही, म्हणून भार नसताना व्होल्टेज चढतं. मी ९ व्होल्ट, २ अँपिअरचा नवा घेतला, पिनच्या वायरी उलट्या जोडल्या आणि मीटरने दोनदा तपासलं.

पाठ ३ : तीन व्होल्टेज

वीज देण्याआधी ५ व्होल्टची लाइन आणि ग्राउंड यांच्यामधला रेझिस्टन्स मोजा. जवळजवळ शून्य असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका. ठीक असेल तर काही सेकंदच चालू करा आणि मोजा.

खालच्या १६ केबी रॅमचे आठ आयसी '४११६' या जातीचे असतात. त्यांना तीन व्होल्टेज लागतात : पिन १ वर उणे ५, पिन ८ वर अधिक १२, पिन ९ वर अधिक ५ आणि पिन १६ ला ग्राउंड. आपण लॅबमध्ये वापरतो त्या १६ पिनांच्या बहुतेक आयसींमध्ये ग्राउंड ८ वर आणि सप्लाय १६ वर असतो. इथे अगदी उलट! सवयीने हात गेला की संपलंच. प्रोब घसरून शेजारच्या पिनला लागणार नाही हेही बघा.

माझ्याकडे अधिक ५ बरोबर होते, १२ भरत नव्हते आणि उणे ५ च्या जागी जवळजवळ शून्य. हे लक्षण स्पेक्ट्रमवाल्यांना पाठ असतं. १२ आणि उणे ५ तयार करणाऱ्या छोट्या सर्किटमधला 'टीआर४' ट्रान्झिस्टर गेलेला असतो. चालू मशीनच्या मागे काही जोडलं किंवा काढलं तर तो सहज जळतो. मामाला विचारलं तर ओशाळून म्हणाला, "जॉयस्टिकचं इंटरफेस... मशीन बंद न करताच उपसायचो."

ट्रान्झिस्टर बदलला, तिन्ही व्होल्टेज जागेवर आली. पण उणे ५ नसताना मशीन चालू राहिलं तर रॅमचे आयसी मरतात. म्हणजे ट्रान्झिस्टर हा पहिला बळी, शेवटचा असेलच असं नाही.

पाठ ४ : पडदा काय सांगतो

निरोगी स्पेक्ट्रम चालू केल्यावर क्षणभर मेमरी तपासतो आणि खाली '१९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड' अशी ओळ दाखवतो. टीव्हीवर चित्रच नसेल तर लगेच रडू नका. कळ दाबून कान लावा. हलकी 'टिक' ऐकू आली तर प्रोसेसर, रॉम आणि रॅम जिवंत आहेत, भांडण फक्त टीव्हीशी आहे. मी मॉड्युलेटर टाळून सिग्नल सरळ टीव्हीच्या एव्ही इनपुटला दिला. दोन वायरींचं काम.

माझ्या पडद्यावर मात्र उभे पट्टे आणि चौकोन गोठलेले होते. मेमरीवर संशय! बोट लावून बघितलं तर आठपैकी एक आयसी बाकीच्यांपेक्षा खूप गरम. तो काढला, जागी सॉकेट बसवलं आणि नवा घातला. ओळ उमटली! सरांनी चहा मागवला.

आता वरची ३२ केबी. त्यासाठी मशीनलाच विचारा : प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर पूर्ण ४८ केबी ठीक. ३२७६७ आलं तर वरची मेमरी मशीनला सापडतच नाही. सुरुवातीच्या तपासणीत जिथपर्यंत मेमरी चांगली सापडली, तो पत्ता तिथे लिहिलेला असतो. माझं उत्तर : ६५५३५.

पाठ ५ : एकदम किती कळा मेल्या ते मोजा

काही कळा चालत नव्हत्या : १, २, ३, ४, ५. कीबोर्ड म्हणजे ८ ओळी आणि ५ उभ्या रेषांची जाळी. एकच कळ मेली तर त्या जागची घाण. शेजारच्या पाच मेल्या तर एक ओळ तुटली, आणि इकडेतिकडे विखुरलेल्या आठ मेल्या तर एक उभी रेषा. माझ्या पाच शेजारच्या होत्या. बोर्डात खुपसलेली प्लास्टिकची पट्टी वयाने कडक होऊन कनेक्टरजवळ तडकली होती. अशी मेम्ब्रेन आजही नवी बनवून मिळते, तीच मागवली.

हॉस्टेलकरांसाठी सूचना

सोल्डरिंग रूमवर करू नका, वॉर्डन सरांना विनाकारण ब्लड प्रेशर होतं. लॅबमध्ये करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा, नाहीतर कशामुळे सुधारलं ते कधीच कळणार नाही. आणि महत्त्वाचं : स्पेक्ट्रमच्या आत ९ व्होल्टच येतात, पण बीबीसी मायक्रोसारख्या मशीनमध्ये पॉवर सप्लाय आतच असतो. तिथे २३० व्होल्ट डीसी झाले की सुमारे ३२५ होतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ कपॅसिटरमध्ये राहू शकतात. तो डबा एकट्याने उघडू नका, सरांना सोबत घ्या.

शेवटी

जानेवारीत घरी गेले तेव्हा स्पेक्ट्रम बॅगेत होता. मामालाही बोलावलं. कॅसेट लावली, निळे-पिवळे पट्टे धावले आणि पडद्यावर पाढा आला. आकडे मराठी! स्पेक्ट्रममध्ये स्वतःची २१ अक्षरं काढायची सोय आहे. मामाने आठ बाय आठच्या चौकोनात ० ते ९ ठिपक्या-ठिपक्यांनी काढले होते. इम्युलेटरवर मी ते बघितले होते, पण आईला मुद्दामच सांगितलं नव्हतं.

प्रश्न आला : १७ गुणिले ९. आईने आत्मविश्वासाने १४३ टाइप केलं. मशीन भसाड्या आवाजात ओरडलं. मामा हसत म्हणाला, "छोटे, तेव्हाही इथेच अडायचीस!" आई चिडली आणि लगेच पुढचा प्रश्न घेतला. दोघं रात्री अकरापर्यंत उठली नाहीत.

मला मात्र स्टोअररूममधला तो बीबीसी मायक्रो आठवत होता. त्याच्याही कॅसेटवर कोणाचं काही असेल का? आता कळायला मार्ग नाही. तुमच्या माळ्यावर, शाळेत, काकांच्या कपाटात असं काही पडलेलं असेल तर एवढंच करा. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आणि प्लग लावण्याच्याही आधी, लॅबमधून मीटर मागून आणा. सर देतात, सही करून!