थरथरत्या हवेतून ग्रहाचा फोटो

प्रश्न : हवेमुळे तारे लुकलुकतात. मग जमिनीवरच्या दुर्बिणीतून दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहाचा फोटो काढला म्हणतात, तो खरा असतो की चित्रकाराची कल्पना?

उत्तर : वर्तमानपत्रांत छापून येणारी रंगीत चित्रं बहुतेक कल्पनेतलीच असतात. पण मोजके खरे फोटोही आहेत. त्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एचआर ८७९९ या सुमारे १३० प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्याचा. हवाई बेटावरच्या मौना किया शिखरावरून, केक आणि जेमिनी दुर्बिणींनी टिपलेले त्याचे तीन ग्रह २००८ मध्ये जाहीर झाले. चौथा २०१० मध्ये सापडला.

केकचा आरसा १० मीटरचा. तरी भर उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यापलीकडचं जसं थरथरताना दिसतं, तसाच ताऱ्याचा प्रकाश हवेतून हलत येतो. त्यामुळे एवढा अजस्र आरसाही बारकाव्यांच्या बाबतीत वीतभर आरशाच्या दुर्बिणीपुढे फारसा जात नाही. त्यावरचा उपाय खगोलशास्त्रज्ञ हॉरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्येच सुचवला होता. तो अमलात आणण्याइतके वेगवान संगणक मात्र नंतर आले.

या उपायाला अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात. आलेल्या प्रकाशातला थोडा भाग वेगळा काढून हवेने तो कुठे, किती बिघडवला हे मोजायचं आणि एका पातळ आरशाला लगेच नेमका उलटा आकार द्यायचा. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरच्या ‘स्फिअर’ यंत्रात या आरशाला मागून १,३७७ ठिकाणी ढकलता-ओढता येतं, तेही सेकंदाला हजाराहून जास्त वेळा. आरसा हलतो तो काही मायक्रॉनच.

यानंतर करोनाग्राफ ताऱ्याचा झगमगाट अडवतो. तरीही यंत्रातल्या बारीक दोषांमुळे प्रकाशाचे ठिपके उरतात, आणि ते हुबेहूब ग्रहासारखे दिसतात! इथली युक्ती मला फार आवडते. कॅमेरा आकाशाबरोबर फिरवायचाच नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तासाभरात फोटोतला ग्रह ताऱ्याभोवती सरकतो, यंत्राचे ठिपके जवळजवळ जागीच राहतात. मग ते वजा करता येतात.

असे दिसतात ते ग्रह तरुण, अवाढव्य आणि अजून तापलेले. एचआर ८७९९ चं वय काही कोटी वर्षंच आहे आणि त्याचे ग्रह गुरूच्या कित्येक पट जड असून अवरक्त प्रकाशात चमकतात. आपली पृथ्वी मात्र दृश्य प्रकाशात सूर्याहून सुमारे हजार कोटी पट मंद आहे. सूर्यासारख्या ताऱ्याजवळची अशी पृथ्वी टिपणं आजच्या यंत्रांना जमत नाही.

या तंत्रात आपलाही हात लागलेला आहे. पुण्याच्या आयुका आणि अमेरिकेतल्या कॅल्टेक यांनी मिळून ‘रोबो-एओ’ हे स्वयंचलित यंत्र उभारलं. पालोमार वेधशाळेच्या दीड मीटर दुर्बिणीवरून त्याने ग्रह शोधणाऱ्या केप्लर यानाने हेरलेले शेकडो तारे तपासले. ग्रह टिपण्यासाठी नव्हे, तर त्या ताऱ्यांना चिकटून दुसरा तारा दडलाय का, हे पाहायला.

एचआर ८७९९ तुम्हालाही शोधता येईल. दिवाळीच्या सुमारास रात्री आठ-साडेआठला पूर्वा भाद्रपदा नक्षत्राचे दोन ठळक तारे जवळपास डोक्यावर येतात. त्यांच्या साधारण मधोमध, किंचित पूर्वेला तो आहे. गावाबाहेरच्या अंधारात जा आणि द्विनेत्री सोबत घ्या. नुसत्या डोळ्यांना तो जेमतेमच दिसतो.