घरातील खुर्ची : निगा, दुरुस्ती आणि निवड

ज्येष्ठ महिना लागला की झाशीतील जुन्या घरांमधून एक ओळखीचा आवाज ऐकू येऊ लागतो. कोणी खुर्चीवर बसले की लाकूड करकरते, उठले की पुन्हा करकरते. पावसाळा सुरू झाला की हा आवाज आपोआप थांबतो आणि घरातील मंडळी तो विसरून जातात. पुढील उन्हाळ्यात मात्र तो अधिक मोठा होऊन परततो. दिवाळीच्या सुमारास घराची रंगरंगोटी निघाली की याच खुर्चीला नवे पॉलिश आणि नवी गादी मिळते. खुर्ची चकाकते, पाहुणे कौतुक करतात. परंतु तिचे सांधे जसे होते तसेच राहतात. घरातील वृद्ध आई-वडील ज्या खुर्चीच्या हातांवर सारा भार देऊन उठतात, ती नेमकी हीच खुर्ची असते. उतारवयात पडल्यामुळे खुब्याचे हाड मोडले तर किती महिने आणि किती पैसा खर्ची पडतो, हे ज्या घराने अनुभवले आहे त्यास वेगळे सांगावयास नको. म्हणून खुर्चीच्या दुरुस्तीचा विचार करताना क्रम महत्त्वाचा आहे : प्रथम सांधे, त्यानंतर बैठक आणि सर्वांत शेवटी झळाळी. प्रत्यक्षात बहुधा हा क्रम नेमका उलटा असतो.

झाशी आणि मराठी कुटुंबे यांचे नाते अठराव्या शतकातील मराठा सुभेदारीपासूनचे आहे. त्या काळच्या घरांत पाट, चौरंग आणि गादी-तक्क्याची बैठक हीच आसने होती. ‘खुर्ची’ हा शब्दच मुळी अरबी ‘कुर्सी’वरून आलेला. ही वस्तू प्रथम कचेरीत आणि मागाहून घरात स्थिरावली. मराठीत खुर्ची म्हणजे अधिकारपद असा अर्थ रूढ झाला आणि ‘खुर्ची सुटत नाही’ असे आपण म्हणू लागलो, तेही या कचेरीमुळेच. पुढे झाशी हे रेल्वेचे मोठे केंद्र झाले. प्रेम नगर ही रेल्वेच्या सान्निध्यात वाढलेली वस्ती. अशा वस्तीतील घरांत आजही खुर्च्यांच्या तीन-चार पिढ्या एकत्र नांदताना दिसतात : वेताने विणलेली सागवानी हातांची खुर्ची, जाड कापडाची आरामखुर्ची, लोखंडी घडीची खुर्ची आणि अंगणात एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. बदलीची नोकरी करणाऱ्यांना हलके आणि घडीचे सामान का प्रिय असते, हे बँकेतील मंडळींना ठाऊक आहेच!

खुर्ची का खिळखिळी होते?

लाकूड तोडून, वाळवून, रंधून त्याची खुर्ची केली तरी हवेतील ओलावा शोषण्याचा आणि सोडण्याचा त्याचा स्वभाव जात नाही. ओलाव्याने लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसते. हा बदल रेषांच्या आडव्या दिशेने बराच होतो, लांबीच्या दिशेने जवळजवळ होतच नाही. खुर्चीच्या सांध्यात एका लाकडाचे कुसू दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवलेले असते आणि दोहोंच्या रेषा बहुधा एकमेकींना काटकोनात असतात. त्यामुळे दोन्ही लाकडे निरनिराळ्या दिशांनी हलतात आणि वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत त्यांच्यामधील सरस तुटतो. झाशीतील सुतार या कुसवाला ‘चूल’ म्हणतात. हिंदीत एखाद्या गोष्टीचा पायाच डळमळला की तिची ‘चूल हलली’ असे म्हणतात, ते यावरूनच.

झाशीच्या हवेत ही ओढाताण अधिक तीव्र असते. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, लू वाहते आणि हवा विलक्षण कोरडी होते. त्यानंतर काही आठवड्यांतच पावसाची दमट हवा येते. त्यात भर कूलरची. कूलरमधील पाण्यावरून येणारी ओलसर हवा दिवसभर ज्या खुर्चीवर पडते, तिची एक बाजू फुगते आणि कूलर बंद झाल्यावर तीच बाजू पुन्हा सुकते. घरातील वडीलधाऱ्यांची खुर्ची नेमकी कूलरसमोर मांडलेली असते, ही मायेची गोष्ट खरी. परंतु खुर्ची झोताच्या थेट समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवली तर बसणाऱ्यास गारवा तितकाच मिळतो आणि लाकूडही टिकते.

यावरून दुरुस्तीचे वेळापत्रक ठरवता येते. तपासणी ज्येष्ठात करावी, कारण त्या वेळी आकसलेले सांधे आपले दोष उघड करतात. दुरुस्ती दसऱ्यानंतर, हवा मध्यम कोरडी झाल्यावर करावी. ऐन उन्हाळ्यात गोंद लाकडात मुरण्यापूर्वीच सुकू लागतो आणि ऐन पावसात फुगलेला सांधा खोटाच घट्ट भासतो. मात्र खुर्ची वापरण्यास धोकादायक वाटत असेल, तर मुहूर्ताची वाट न पाहता ती त्वरित बाजूला काढून ठेवावी.

सांध्याची दुरुस्ती

खुर्ची डगमगते तेव्हा दोष खुर्चीचा की फरशीचा, हे आधी पाहावे. खुर्ची त्याच जागी पाव वळसा फिरवून ठेवावी. डगमग थांबली तर दोष बहुधा फरशीत आहे. ही साधी परीक्षा न करता पाय कापणारे कारागीर आढळतात. एक पाय कापला की दुसरा लांब वाटू लागतो आणि खुर्चीचा पाट होण्याची वेळ येते! पाय कापण्याचा निर्णय सर्व सांधे पक्के झाल्यावरच घ्यावा.

सैल सांध्यात खिळा ठोकणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत हानिकारक उपाय आहे. खिळ्याने कुसू चिरते, चार दिवस बरे वाटते आणि पुढे खरी दुरुस्ती करू पाहणाऱ्या सुताराला तो सांधा उकलताच येत नाही. योग्य मार्ग म्हणजे सांधा हलक्या हाताने उकलणे. त्यासाठी लाकडावर दुसरी लाकडी फळी ठेवून तिच्यावर ठोके द्यावेत. जुन्या खुर्च्यांत जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस वापरलेला असे. तो कोमट पाण्याने आणि वाफेने मऊ होतो. जुन्या कारागिरांची ही दूरदृष्टीच म्हणावी लागेल. १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आले आणि पांढऱ्या गोंदाने सुताराचे काम सोपे केले. पण सुकलेल्या जुन्या गोंदाच्या थरावर नवा गोंद धरत नाही. तो थर खरवडून कोरे लाकूड उघडे केल्याशिवाय नवा गोंद लावू नये. कुसू झिजून बारीक झाले असल्यास त्यावर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवून ते पुन्हा खाचेच्या मापाचे करावे. केवळ अधिक गोंद ओतून पोकळी भरत नाही.

गोंद लावल्यावर सांधा दाबात राहणे आवश्यक असते. शिकंजा नसेल तर चारही पायांभोवती सुतळीचे दोन वेढे घालून, त्यात काठी अडकवून पीळ द्यावा आणि खुर्ची सपाट जागी चोवीस तास न हलवता ठेवावी. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांची गोष्ट वेगळी आहे. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतून सर्वांच्या परिचयाचा झालेला हा प्रकार. १८५९ साली थोनेट या कारखान्याने काढलेली त्याची मूळ खुर्ची लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यांतच जोडलेली होती. अशा खुर्चीला गोंदाची नव्हे, वर्षातून एकदा स्क्रू आवळण्याची गरज असते.

वेत आणि गादी

वेताची बैठक सैल पडली की अनेक जण तिच्यावर जाड उशी टाकून मोकळे होतात. वास्तविक धागे तुटले नसतील तर उपाय सोपा आहे. खुर्ची उलटी करून वेताच्या खालच्या बाजूस कोमट पाण्यात भिजवलेले फडके फिरवावे आणि ती सावलीत सुकू द्यावी. सुकताना वेत आकसून ताणला जातो. पाणी खालूनच लावावयाचे, कारण वरची बाजू म्हणजे वेताची गुळगुळीत साल असून ती पाणी शोषत नाही. झाशीच्या लूमध्ये वेत ठिसूळ होतो, म्हणून उन्हाळ्यात एक-दोनदा असे ओल्या फडक्याने पुसणे हितकारक असते. पंखा पुसण्यासाठी वेताच्या खुर्चीवर उभे राहणे मात्र कोणत्याही ऋतूत टाळावे.

वेत तुटला असेल तर बैठकीच्या चौकटीकडे पाहावे. चौकटीत ओळीने भोके असतील तर विणकाम हातानेच, एकेक पट्टी ओवून करावे लागते. चर असेल तर तयार विणलेली जाळी त्यात बसवता येते. पहिले काम वेळखाऊ, दुसरे झटपट. वेताऐवजी प्लास्टिकची पट्टी स्वस्त पडते आणि टिकतेही, परंतु उन्हाळ्यात तिच्यावर बसून घामाघूम व्हावे लागते. येथे एक बाब नमूद करण्यासारखी आहे. अंधांच्या शाळांत आणि प्रशिक्षण केंद्रांत खुर्ची विणण्याचे कौशल्य दीर्घकाळ शिकवले जात आले आहे. हे काम बोटांच्या स्पर्शाने होणारे असल्याने त्यांच्या हातचे विणकाम अत्यंत नेटके असते. घरातील वा कार्यालयातील चार-सहा खुर्च्या एकदम विणावयाच्या असतील, तर अशा केंद्राकडे प्रथम चौकशी करावी.

गादीसाठी फोम घेताना जाडीपेक्षा घनता विचारावी. बाजारात ‘३२’ किंवा ‘४०’ असे जे आकडे सांगितले जातात, ते घनमीटरला किती किलो याचे असतात. रोजच्या बैठकीसाठी ४०चा फोम दाटपणामुळे अधिक टिकतो. कमी घनतेचा जाड फोम दुकानात मऊ लागतो आणि थोड्याच काळात मध्ये खचतो. कापसाची गादी पिंजून पुन्हा भरता येते आणि उन्हाळ्यात अंगाला सुखावह वाटते.

झळाळी

जुन्या खुर्च्यांवरील पॉलिश म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेला द्राव. लाखेचे किडे आपल्याकडील पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढतात. या लाखेच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ सालापासून संस्था आहे. काचकागद लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ हात द्यावेत आणि दोन हातांमध्ये पुरेसा वेळ जाऊ द्यावा. दमट दिवशी पॉलिश केल्यास त्यावर पांढुरकी छटा येते. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने हे काम स्वयंपाकघरापासून दूर, उघड्या जागी करावे. गरम चहाच्या कपाने अशा पॉलिशवर डाग उमटतो हे खरे, पण तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. मेलामाइन किंवा पीयू हे कठीण लेप डागांना दाद देत नाहीत. मात्र ते बिघडले की बहुधा सारा लेप खरवडूनच काढावा लागतो.

दुरुस्ती की नवी खरेदी?

व्यवसायातील फर्निचरवर प्राप्तिकराच्या नियमांनुसार ऱ्हासमान शिल्लक पद्धतीने १० टक्के घसारा धरला जातो. त्या हिशेबाने १०० रुपयांची खुर्ची दहा वर्षांनी पुस्तकात सुमारे ३५ रुपयांची आणि तीस वर्षांनी अवघी ४ रुपयांची उरते. घरातील सागवानी खुर्ची हा नियम मानत नाही. तिची चौकट शाबूत असेल तर तीस वर्षांनीही ती नव्या खुर्चीइतकाच भार पेलते. म्हणून किंमत न पाहता वर्षाचा खर्च पाहावा. समजा, १,२०० रुपयांची प्लास्टिकची खुर्ची चार वर्षे टिकली, तर वर्षाला ३०० रुपये पडले. जुन्या खुर्चीच्या संपूर्ण दुरुस्तीस २,४०० रुपये लागले आणि ती बारा वर्षे चालली, तर वर्षाला २००. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक घराने आपले आकडे घालून हिशेब करावा. हप्त्यांवर घेतलेली खुर्ची हप्ते फिटण्यापूर्वी मोडण्याची शक्यता असेल तर ती न घेणेच बरे, हे बँकेच्या नियतकालिकात लिहिणे कोणास विचित्र वाटले तरी!

दुरुस्तीचा आग्रह सर्वत्र धरू नये. वाळवीने पोखरलेला पाय, कुसवाच्या मुळाशी आडवी गेलेली चीर किंवा लाकडातून वारंवार गळणारी बारीक पूड ही खुर्ची मोडीत काढण्याची लक्षणे आहेत. प्लास्टिकच्या खुर्चीच्या पायाशी पांढुरकी रेघ दिसली किंवा उन्हाने पृष्ठभाग खडूसारखा झाला, तर ती वितळवून चिकटवण्याच्या फंदात न पडता टाकून द्यावी. ती मोडताना पूर्वसूचना देत नाही.

नवी लाकडी खुर्ची घेताना ती उलटी करून पाहण्याचा संकोच बाळगू नये. सागाचा गाभा सोनेरी-तपकिरी असतो आणि किडीला दाद देत नाही. कडेचा फिकट भाग मात्र किडीला प्रिय असतो. वरून गडद रंग दिलेल्या खुर्चीचा खालचा भाग बहुधा न रंगवलेला असतो आणि तोच खरे सांगतो.

वृद्धांसाठी खुर्ची निवडताना मापे सुतळीने घरीच घ्यावीत. पायात नेहमीची चप्पल घालून गुडघ्याच्या मागील खोलगट भागापासून जमिनीपर्यंतचे अंतर म्हणजे बैठकीची उंची. सर्वसाधारण खुर्ची ४३ ते ४५ सेंटिमीटर असते. गुडघे दुखत असतील तर तिच्यापेक्षा थोडी उंच बैठक सोयीची ठरते. पाठ टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि पोटरी यांमध्ये दोन-तीन बोटे जातील एवढीच खोली असावी. खुर्चीचे हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले असावेत, कारण उठताना भार तेथेच पडतो. दिवाणखान्यातील खोल, मऊ सोफा या तिन्ही कसोट्यांवर उतरत नाही, आणि म्हणूनच पाहुण्यांसमोर सोफ्यावर बसवलेले आजोबा थोड्याच वेळात उठून आपल्या जुन्या खुर्चीकडे वळतात.

ती जुनी खुर्ची दुरुस्त होऊन आली की प्रथम घरातील तरुणाने तीवर बसून, दोन्ही हातांवर भार देऊन आठ-दहा वेळा उठून पाहावे आणि सांध्यांना कान द्यावा. चारही पायांना रबरी बूट बसवावेत. खुर्ची भिंतीला पाठ लावून, कूलरच्या झोतापासून हातभर बाजूला मांडावी आणि मगच आजोबांना बोलवावे.