करारपत्र कुठे आहे?

प्रश्न : मुलगा आयटीआय फिटर. उरणजवळच्या कारखान्यात अप्रेंटिस आहे; पण हातात कानस कमी, झाडू जास्त. वर रोज दोन तास ओव्हरटाइम. चालतं का हे?
– एक पालक, चिरनेर

उत्तर : दादा, आधी करारपत्र मागा. 1961च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार करार सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. तोच नसेल तर मुलगा अप्रेंटिस कसला, स्वस्तातला हेल्पर! शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. विद्यावेतन 2019च्या नियमांनी आयटीआयवाल्याला दरमहा किमान 7,000 रुपये ठरलं. मुदत संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी, असं बंधन मात्र कारखान्यावर नाही. मुलाला रोजचं काम वहीत, तारखेसह लिहायला सांगा : मार्किंग, ड्रिलिंग... आणि झाडूसुद्धा. तक्रारीच्या वेळी तीच वही पुढे करा.