अर्धं सांगितलेलं खरं

आजचे वाचन : योहान ४:१६-३०



शमरोनी स्त्रीची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतोय, म्हणून ती घाईघाईत वाचली जाते. भर दुपार, याकोबाची विहीर, पाच नवरे, आणि मग मध्येच डोंगराची चर्चा. उपासना इथे करायची की यरुशलेमात?

बरेच जण सांगतात की पापाचा विषय निघाला म्हणून बाईने तो बदलला. मला हे पूर्ण पटत नाही. गरिज्जीम डोंगर त्या विहिरीच्या अगदी जवळ उभा आहे. त्यावरचं शमरोन्यांचं मंदिर यहूदी राज्यकर्ता योहान हर्कानस याने ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात पाडलं होतं. तिच्या लोकांची ती जुनी जखम होती. समोर यहूदी संदेष्टा भेटला, तर ती दुसरं काय विचारणार? (आजही मूठभर शमरोनी लोक वल्हांडणाचा यज्ञ त्याच डोंगरावर करतात.)

प्रभू तिला दोन्ही ठिकाणांच्या पलीकडे नेतो. पिता आत्म्याने आणि खरेपणाने उपासना करणाऱ्यांना शोधतो आहे, असं तो सांगतो. मूळ ग्रीकमध्ये २० ते २४ या पाच वचनांत उपासनेचा शब्द दहा वेळा येतो. त्याचा अर्थ वाकून नमन करणं. त्यात गाण्याबजावण्याचा उल्लेखही नाही.

पण "मनापासून केलं की झालं" असंही प्रभू म्हणत नाही, हे लक्षात घ्या. तुम्ही ज्याला भजता त्याला ओळखत नाही, असं तो तिला स्पष्ट सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानात सत्य ही एक व्यक्ती आहे (१४:६). मी माझ्या सोयीने बनवलेल्या देवापुढे कितीही रडलो, तरी येशूने दाखवलेला पिता मला भेटलेला नसतो.

आता थोडं मागे, १८व्या वचनाकडे या. मला नवरा नाही, एवढंच ती म्हणाली होती. अर्धंच खरं. बाकीचं तिने झाकून ठेवलं. त्या नवऱ्यांचं काय झालं, मेले की त्यांनी तिला सोडलं, हे पवित्र शास्त्र सांगत नाही, म्हणून आपणही तिच्यावर फार काही लादू नये. प्रभू उरलेलं स्वतः बोलतो, आणि वर म्हणतो की तू खरं सांगितलंस. तिथला "खरं" आणि २३व्या वचनातला "खरेपणा", दोन्हींचं मूळ ग्रीकमध्ये एकच. तिच्या अर्ध्या वाक्यातलं जेवढं खरं होतं तेवढं त्याने धरलं आणि तिथूनच तिला उपासनेपर्यंत आणलं. हे वाचून मी बराच वेळ पुढे सरकलोच नाही.

कारण माझी नोकरी गेली तेव्हा मी तीन महिने मंडळीत कोणाला सांगितलं नव्हतं. दर रविवारी गिटार घेऊन पुढे उभा राहायचो. कोणी विचारलं की "देवाची कृपा, सगळं छान!" सर्व काही तुला अर्पण, असं गात असताना डोक्यात रूमचं भाडं चालू असायचं. गाणं चुकत नव्हतं, सूरही लागत होता. पण देवाशी मी बोलतच नव्हतो.

एका रात्री लॅपटॉप बंद केला आणि तोंडातून निघालं, "प्रभू, मला तुझा राग आलाय." आणि मीच घाबरलो. असं बोलतात का देवाशी? मग स्तोत्र ८८ उघडलं. अख्खं वाचा एकदा. बहुतेक विलापगीतांत शेवटी स्तुती येते, इथे येत नाही. ते अंधारातच संपतं. तरी इस्राएलच्या उपासनेच्या पुस्तकात त्याला जागा आहे, कारण तो माणूस अंधारातही देवाशीच बोलतोय.

त्या रात्री नोकरी मिळाली नाही. पुढचे दोन महिनेही नाही. पण पुढच्या रविवारी आराधनेआधी मी आमच्या ग्रुपमधल्या एका दादाला खरं सांगितलं. त्याने उपदेश केला नाही, चहा पाजला आणि म्हणाला, "आज तू गिटार नको वाजवूस, माझ्याशेजारी बस." त्या दिवशी मला एकही गाणं पूर्ण म्हणता आलं नाही. तरी कित्येक दिवसांनी मी देवासमोर होतो.

ती बाई घागर तिथेच टाकून गावात गेली (२८-२९). ज्या लोकांसमोर जायची तिला बहुधा लाज वाटत असावी, त्यांनाच तिने सांगितलं की एकाने माझं सगळं ओळखलं. लपवायचं काही उरलंच नव्हतं ना!

आज प्रार्थनेला बसाल तेव्हा ठरलेल्या शब्दांआधी एक खरं वाक्य बोला. अर्धं असलं तरी चालेल.

हे पित्या, आजचं माझं खरं एवढंच आहे. उरलेलं तू जाणतोस. येशूच्या नावात, आमेन.