गॅसिफायर चूल धूर करतेय? आधी कारण शोधा



गावभेटीला आले की गॅसिफायर चुलीबद्दल एक तक्रार हमखास कानावर येते. "मॅडम, पहिले काही दिवस छान चालली, आता साध्या चुलीपेक्षा जास्त धूर करते." मग ती चूल माळ्यावर जाते आणि तिच्यासाठी समूहातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो. पुष्कळदा चूल बिघडलेली नसतेच. जळण, हवा किंवा पेटवण्याची पद्धत चुकलेली असते. या पाठात पंखा असलेल्या, वरून पेटवायच्या चुलीचे दोष आपण शिकू.

चूल चालते कशी?

लाकूड तापलं की त्यातून गॅस निघतो. तो नीट जळाला नाही की त्याचाच धूर होतो. म्हणजे धूर हे वाया गेलेलं जळणच! या चुलीत खालच्या जाळीतून थोडी हवा येते, ती गॅस बनवते. वरच्या भोकांतून येणारी हवा तो गॅस जाळते. एवढं लक्षात ठेवलं की पुढचे दोष सहज उलगडतात.

लक्षण बघा, उपाय करा

१. *पेटवतानाच धूर होतो.* जळण ओलं असेल. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी उडवण्यातच आच खर्च होते. घरच्या घरी तपासा: १ किलो जळण मोजा, कडक उन्हात वाळवा, पुन्हा मोजा. ८०० ग्रॅम भरलं तर २०० ग्रॅम पाणी होतं. वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. पावसाळ्याचं जळण उन्हाळ्यातच छपराखाली रचून ठेवा. पेटवताना वर बारीक कोरड्या काटक्या ठेवून वरूनच पेटवा. रॉकेल किंवा प्लास्टिक अजिबात नको.

२. *ज्योत पिवळी, भांड्याला काजळी.* वरची हवा कमी पडतेय. डबा वरच्या भोकांच्या वर भरलाय का? भोकं काजळीने बुजलीत का? भांडं थेट चुलीच्या काठावर टेकलंय का? जळण भोकांच्या खालीच ठेवा, भोकं तारेने साफ करा, भांडं टेकूवर ठेवा.

३. *मध्येच ज्योत विझते आणि दाट धूर येतो.* गॅस बनतोय, पण पेटत नाहीये. तोंड बाजूला ठेवून लांब काटकीने पुन्हा पेटवा. वारा लागत असेल तर आडोसा करा. पंखा मंद फिरत असेल तर बॅटरी चार्ज करा. पंखा जोरात असेल तर थोडा कमी करा, जास्त हवेनेही ज्योत विझते.

४. *आच धरतच नाही.* खालची हवा अडली आहे. जाळीत राख साचली असेल किंवा जळण फार बारीक असेल. नुसता भुसा भरला तर त्यातून हवा जात नाही. पऱ्हाटी, तुराट्या, बाभळीच्या फांद्या यांचे अंगठ्याएवढे जाड, दोन-तीन इंची तुकडे करा. चूल थंड झाल्यावर रोज राख काढा.

५. *मध्ये जळण टाकलं की धूर.* या चुलीत एकदा भरायचं आणि ते संपेपर्यंत चालवायचं. एका भरणीत किती भाकरी होतात ते मोजून ठेवा, म्हणजे स्वयंपाकाचा अंदाज बसतो.

धूर नाही, तरी धोका आहे

शेवटी ज्योत जाते आणि लाल निखारे उरतात. धूर दिसत नाही म्हणून कुणी थंडीत ती चूल खोलीत घेऊन दार लावतं. असं कधीही करू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर असं झालं तर सगळ्यांनी लगेच मोकळ्या हवेत या आणि दवाखाना गाठा. चूल खिडकी-दार उघडं असलेल्या जागीच वापरा. उरलेले निखारे चिमट्याने पत्र्याच्या डब्यात टाकून घट्ट झाकण लावा आणि डबा घराबाहेर ठेवा. हवा बंद झाली की ते विझतात, कोळसा पुन्हा वापरता येतो.

पुढच्या बैठकीत करायचं काम

एका ताईंनी आपली चूल आणावी, बाकीच्यांनी घरचं मूठभर जळण. अंगणात चूल पेटवून वरचे पाच दोष एकेक करून तपासा. नंतर आठवडाभर प्रत्येकीने वहीत तीन गोष्टी लिहा: जळण किती किलो लागलं, धूर कधी झाला, काय केल्यावर थांबला. बचतीची नोंद ठेवतो तशीच ही नोंद ठेवा. एवढं करूनही पंखा फिरत नसेल किंवा जाळी जळाली असेल तर तो खरा बिघाड. मग विक्रेत्याकडे जाताना पावती आणि ही वही बरोबर न्या. बोलायला आधार राहतो.